सर्व्हर मुलांनाच बसवू द्या

महोदय,

चोपडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी संगणक प्रयोगशाळा सहायक आहे. प्रात्यक्षिक परीक्षा आल्या की दरवर्षी एकच गोष्ट मनाला लागते. आमची मुलं पीएचपी या वेबपानं बनवायच्या भाषेत प्रोग्राम लिहितात, पण ज्या सर्व्हरवर (ब्राउझरला पानं पुरवणारं सॉफ्टवेअर) ते चालतात तो त्यांनी स्वतः कधीच बसवलेला नसतो. सत्र सुरू होण्याआधी प्रत्येक संगणकावर झॅम्प (सर्व्हर, डेटाबेस आणि पीएचपी एकदम बसवणारं पॅकेज) टाकून ठेवणारा माणूस मीच. मुलं येतात, एचटीडॉक्स या त्याच्या फोल्डरमध्ये फाइल टाकतात, परीक्षा देतात. पासवर्ड माझ्याकडे, म्हणून ‘बिघडेल’ या भीतीने कोणी सेटिंगला हात लावत नाही. पुढे नोकरीत अपाची, म्हणजे झॅम्पमधला वेब सर्व्हर, सुरूच झाला नाही, तर हे पोरगं काय करणार?

गेल्या दिवाळीच्या सुटीत भंगारात काढायला ठेवलेले ४ जीबी रॅमचे दोन संगणक मी सात-आठ मुलांच्या ताब्यात दिले. एकावर उबंटू (विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स प्रणाली) टाकून अपाची, मारियाडीबी (डेटाबेस) आणि पीएचपी एकेक कमांड देऊन बसवायचं, दुसऱ्यावर विंडोज ठेवून झॅम्प. सॉफ्टवेअरला एक रुपया लागला नाही. लिनक्स १९९१ पासून, अपाची १९९५ पासून जगभरातल्या लोकांनी घडवलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. मग आमच्याकडे चोरीच्या सीडी का फिरतात, हे मला खरंच कळत नाही.

पहिल्याच दिवशी विंडोजवर अपाची सुरू होईना. एका मुलाने लॉग, म्हणजे चुकांची नोंद असलेली फाइल, उघडला. अपाचीला लागणारा पोर्ट ८० (वेबसाठी ठरलेलं क्रमांकाचं दार) विंडोजच्याच वेब सेवेने धरून ठेवला होता. त्याने अपाचीच्या सेटिंगच्या एचटीटीपीडी.कॉन्फ फाइलमध्ये ८० च्या जागी ८०८० केलं, अपाची पुन्हा सुरू केला आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:८०८० हा त्याच संगणकाचा पत्ता टाकला. पान उघडलं तेव्हा सगळे खुर्च्या सोडून त्याच्या मागे उभे होते.

दुसरा प्रसंग एका मुलीचा. वडिलांच्या केळीच्या बागेचा हिशेब, म्हणजे कोणत्या मळ्यातून किती घड निघाले आणि व्यापाऱ्याने काय भाव दिला, हे सगळं वहीऐवजी वेबपानावर आणायचं तिने ठरवलं होतं. मागच्या बॅचच्या प्रोजेक्टमधला डेटाबेसचा टेबल (नोंदींचा तक्ता) तिने झॅम्पवर उतरवून घेतला, नोंदी भरल्या, पान उघडलं. ‘केळी’च्या जागी ‘????’. ती म्हणाली, “सर, हाई काय व्हयनं?” मी उत्तर दिलं नाही, शोधायला सांगितलं. अर्ध्या तासाने तिला टेबलचं कोलेशन (अक्षरं कोणत्या संचातली आणि कोणत्या क्रमाने, याची सेटिंग) दिसलं: लॅटिन१_स्वीडिश_सीआय. मारियाडीबी ज्यातून निघाला तो मायएसक्यूएल डेटाबेस मूळचा स्वीडनमधल्या कंपनीचा, त्यामुळे अनेक वर्षं तेच ठरलेलं असायचं. ते २०१८ च्या ८.० आवृत्तीत बदललं, पण जुने टेबल अजून फिरतात. त्या टेबलात देवनागरीला जागाच नव्हती, म्हणून क, एकार, ळ आणि ईकार, प्रत्येकाला एक प्रश्नचिन्ह. तिने टेबल यूटीएफ८एमबी४ या, देवनागरीही मावणाऱ्या, अक्षरसंचात बदलला. आधीची अक्षरं मात्र परत येत नाहीत, ती साठवतानाच गेलेली असतात. तिने सगळ्या नोंदी पुन्हा भरल्या. हे मी फळ्यावर दहा वेळा शिकवलं असतं तरी तिला असं समजलं नसतं.

म्हणून माझी विनंती आहे की जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांनी प्रत्येक बॅचला निदान दोन जुने संगणक पासवर्डसह द्यावेत. बिघडले तर बिघडू द्यावेत, पुन्हा उभे करायला एक दुपार पुरते. सर्व्हर बसवणं आणि बंद पडलेला सुरू करणं, यासाठी प्रात्यक्षिकात थोडे गुण ठेवावेत.

पुढच्या सत्रात मी आधी झॅम्प टाकून ठेवणार नाही. तशी लेखी परवानगी प्राचार्यांकडे मागितली आहे.

आपला,
एक प्रयोगशाळा सहायक, चोपडा (जि. जळगाव)