सीआरजे की ई-१७५? वैमानिक मित्रास पत्र

शिकागो

प्रिय निखिल,

सप्रेम नमस्कार.

तुझे उड्डाणाचे पंधराशे तास पूर्ण झाले आणि दोन कंपन्यांची बोलावणी पाठोपाठ आली, हे वाचून फार आनंद झाला. एक कंपनी डेट्रॉइटच्या बेसवर (जिथून ड्यूटी सुरू होते तो विमानतळ) बॉम्बार्डियरचे सीआरजे-९०० देते, दुसरी शिकागोच्या बेसवर एम्ब्रेयरचे ई-१७५, दोन्ही छोटी प्रवासी जेट विमाने, आणि तू एवढेच विचारले आहेस की यांतले विमान कोणते चांगले. मी दोन्ही उडवली आहेत, म्हणून सांगतो.

निव्वळ विमान म्हणून पाहिले तर ई-१७५ अधिक सुखाचे आहे, यात वाद नाही. कॉकपिट प्रशस्त आहे, इंजिनांची ताकद आपोआप कमीजास्त करणारे ऑटोथ्रॉटल आहे आणि खाली उतरण्याचा मार्ग संगणक स्वतः सांभाळतो. सीआरजेमध्ये ऑटोथ्रॉटल नाही. उंची किंवा वेग बदलला की थ्रस्ट लिव्हरवर हात गेलाच पाहिजे. उतरताना यंत्रणा रेषा दाखवते, पण ती धरून ठेवण्याचे काम वैमानिकाचे. दहा हजार फूट उतरायचे असेल तर साधारण तीस मैल आधी सुरुवात करायची, हा हिशेब तिथे सतत डोक्यात चालू असतो, आणि मध्येच कंट्रोलरने वेग कमी करायला सांगितले की तो पुन्हा मांडावा लागतो. पहिल्या वर्षी हे जड जाते, परंतु पुढे कोणत्याही विमानावर गेलास तरी ही सवय कामी येते.

‘सीआरजे उडवतो तोच खरा वैमानिक’ असे सांगणारे मात्र तुला पुष्कळ भेटतील. त्यांचे फार मनावर घेऊ नकोस. १४ ऑक्टोबर २००४ च्या रात्री पिनॅकल एअरलाइन्सच्या दोन वैमानिकांनी प्रवासी नसलेले सीआरजे-२०० केवळ हौसेपोटी ४१,००० फुटांवर नेले. तिथे वेग घटत जाऊन विमान स्टॉल झाले, म्हणजे पंखांची उचल संपली, दोन्ही इंजिने बंद पडली ती पुन्हा सुरू झाली नाहीत, आणि मिसूरीतील जेफरसन सिटीजवळ विमान कोसळून दोघेही गेले. हाताने उडवण्याची मर्दुमकी कुठवर न्यायची, हे ठरवायला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

सीआरजेचे उत्पादन थांबले, मग त्या विमानात कशाला अडकायचे, ही तुझी दुसरी शंका. ते थांबले हे खरे आहे. २०२० मध्ये मित्सुबिशीने बॉम्बार्डियरकडून तो कारभार घेतला, तो जुन्या विमानांची देखभाल आणि सुटे भाग यांसाठी, नवी विमाने बांधण्यासाठी नव्हे. ई-१७५ अजून बनते, कारण मोठ्या कंपन्यांच्या वैमानिक संघटनांच्या करारांत रिजनल, म्हणजे त्यांच्यासाठी छोट्या मार्गांवर उडणाऱ्या कंपन्यांच्या, विमानाला ७६ आसने आणि ८६,००० पौंड वजन अशी मर्यादा आहे, आणि तिच्यात हे विमान नेमके बसते. एम्ब्रेयरची नवी ई-१७५-ई२ ती वजनमर्यादा ओलांडते, म्हणून अमेरिकेत तिला गिऱ्हाईकच नाही. जुने विमान बाजारात टिकून आहे ते करारातल्या एका कलमामुळे! पण तू रिजनलमध्ये वीस वर्षे काढणार नाहीस आणि आज उडणारी सीआरजे-९०० उद्या मोडीत निघणार नाहीत, त्यामुळे या चिंतेला मी फारसे वजन देत नाही.

माझ्या दृष्टीने खरा प्रश्न बेसचा आहे. वहिनींची नोकरी आणि मुलीची शाळा दोन्ही डेट्रॉइटला. शिकागोचा बेस घेतलास तर सुरुवातीचे महिने तू रिझर्व्हवर असणार, म्हणजे ठरलेले उड्डाण नाही, बोलावतील तेव्हा जायचे. शॉर्ट कॉलमध्ये फोन आल्यावर दोन तासांत हजर व्हायचे, म्हणजे घरी बसून वाट पाहता येणार नाही. क्रॅशपॅडमध्ये, म्हणजे वैमानिकांच्या सामायिक खोलीत, भाड्याची खाट घ्यावी लागेल, आणि ड्यूटी संपल्यावर जंपसीट (विमानातली कर्मचाऱ्यांसाठीची जास्तीची जागा) मिळाली तर घरी, नाही तर विमानतळाच्या बाकावर. सुट्टीचा निम्मा दिवस असा गेला की विमान कितीही सुखाचे असले तरी त्याचे कौतुक उरत नाही. सहकाऱ्यांमध्ये मी हे वारंवार पाहिले आहे.

कॅप्टन होण्यासाठी एअरलाइनचे एक हजार तास लागतात, ते दोन्हीकडे सारखेच; त्यानंतर तुझा क्रमांक सिनिऑरिटीवर, म्हणजे कंपनीत रुजू झाल्याच्या क्रमावर, लागणार. म्हणून ज्या कंपनीचा प्रशिक्षणाचा वर्ग आधी सुरू होतो तिकडे माझा कल असतो. तू लिहिल्याप्रमाणे तोही सीआरजेवाल्यांचाच आहे.

ई-१७५ च्या बाजूने एकच गोष्ट मला गंभीर वाटते. तुम्हा दोघांचा पुढेमागे भारतात परतण्याचा विचार पक्का असेल, तर घोडावत समूहाची स्टार एअर ई-१७५ उडवते, आणि तिच्या सेवेत आपले कोल्हापूरही आहे. डीजीसीएचे (भारताच्या विमान वाहतूक नियामकाचे) परवान्याचे सोपस्कार करावे लागतीलच, पण टाइप रेटिंग (ते विशिष्ट विमान उडवण्याची पात्रता) हाताशी असलेले बरे. तसा विचार नसेल तर डेट्रॉइट आणि सीआरजे-९०० घे, असे माझे स्पष्ट मत आहे.

होकार कळवण्यापूर्वी भरती विभागाला दोन गोष्टी विचार: डेट्रॉइटमध्ये सध्या सर्वांत कनिष्ठ लाइनहोल्डर (ठरलेले वेळापत्रक मिळालेला वैमानिक) किती महिन्यांपूर्वी रुजू झाला आहे, आणि प्रशिक्षणानंतर पहिला बेस लेखी मिळतो की नुसता तोंडी. उत्तर आले की मला फोन कर. सीआरजेची माझी जुनी टिपणे अजून जपून ठेवली आहेत, ती लगेच धाडतो. वहिनींना नमस्कार आणि छोटीला अनेक आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर