आधी डीपी शहाणी करा, मग मीटर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्मार्ट मीटर हवा की नको, या एकाच प्रश्नाभोवती सध्या सगळी चर्चा फिरते आहे. मीटर जोरात पळतो का, बिल वाढेल का, हे ग्राहकाने विचारायलाच हवे. पण घरातला मीटर हे वितरण यंत्रणेचे शेवटचे टोक. सांगली, मिरज, कुपवाडमधली वीज बहुतेक वेळा जाते ती त्याच्या बऱ्याच मागे, फीडरवर (सबस्टेशनमधून निघणाऱ्या ११ केव्ही लाइनवर) नाहीतर डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर). केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या वितरण सुधारणा योजनेत ग्राहकांच्या मीटरबरोबर फीडर आणि रोहित्रांचे मीटरही आहेत. त्यांचा क्रम उलटा लागू नये, म्हणून हे पत्र. आधी फीडर, मग डीपी, मग घर.

एक डीपी उघडून पाहू. २०० केव्हीएचे रोहित्र, ४३३ व्होल्ट, म्हणजे आर, वाय, बी या तीन फेजपैकी प्रत्येक फेजला सुमारे २६७ अँपिअरची क्षमता. संध्याकाळी सात वाजता आर फेजवर ३०० अँपिअर आहेत, वाय आणि बी वर दीडशे-दीडशे. सरासरी २००, लोड ७५ टक्के, म्हणून कागदावर ही डीपी निरोगी. प्रत्यक्षात आर फेज १२ टक्के जास्त ओढते आहे आणि न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, १५० अँपिअर वाहत आहेत. न्यूट्रल फेजइतकाच जाड असला तरी तारांमध्ये वाया जाणारी वीज समतोल लोडच्या तुलनेत ३१ टक्क्यांनी वाढते. निम्म्या जाडीचा असेल तर ५० टक्क्यांनी. आर फेजचा फ्यूज वारंवार उडतो. मग किटकॅटमध्ये (फ्यूजच्या खोबणीत) दुप्पट तार भरली जाते, आणि पुढच्या खेपेला फ्यूज शाबूत राहून केबलचा लग (टोकाचा जोड) जळतो. कधी न्यूट्रलच सुटतो. तसे झाले की कमी लोड असलेल्या फेजवरच्या घरांत व्होल्टेज २३० च्या बरेच वर जाते आणि एका मिनिटात गल्लीतले टीव्ही, फ्रिज जातात.

इलाज साधा आहे. एका घराचे संध्याकाळचे लोड पाच अँपिअर धरले तर आर फेजवरच्या वीस जोडण्या खांबावरून वाय आणि बी वर निम्म्या-निम्म्या हलवायच्या. नवे रोहित्र लागत नाही. पण कोणत्या डीपीवर हे करायचे ते कळायला डीपीच्या मीटरने दर पंधरा किंवा तीस मिनिटांनी तिन्ही फेजचे आणि न्यूट्रलचे अँपिअर वेगवेगळे पाठवले पाहिजेत, आणि ते आकडे कोणीतरी रोज पाहिले पाहिजेत. महिन्याच्या एकूण युनिटांतून यातले काहीही दिसत नाही.

या मीटरचे काम बिघडते ते जोडणीत. सीटी (मोठा प्रवाह मीटरसाठी लहान करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) ३००/५ ची असेल तर मीटरच्या आकड्याचा गुणक ६०. संगणकात चुकून ४० भरला की एक तृतीयांश वीज हिशेबातून गायब. तीनपैकी एक सीटी उलटी बसली तर काही मीटर समतोल लोडला खऱ्या युनिटांच्या जेमतेम तिसरा हिस्सा दाखवतात. म्हणून मीटर बसवला त्याच दिवशी टाँग टेस्टरने (तारेभोवती लावून प्रवाह मोजणाऱ्या चिमट्याने) प्रत्येक फेजचे अँपिअर मोजून पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहावेत. दहा मिनिटांचे काम आहे, आणि ते टाळले तर पुढचा सगळा ऊर्जा लेखाजोखा खोटा ठरतो.

त्याहून अवघड आहे ते कोणते घर कोणत्या डीपीवर, याची नोंद खरी ठेवणे. रात्री एक डीपी बंद पडली की शेजारच्या डीपीवरून जंपर (तात्पुरती जोडतार) मारून वीज दिली जाते. ते योग्यच आहे, लोकांना अंधारात ठेवून चालत नाही. पण जंपर तसाच राहतो आणि नोंद बदलत नाही. मग एका डीपीवर ३० टक्के गळती दिसते, शेजारची डीपी आत आली त्यापेक्षा जास्त वीज विकते, आणि वीजचोरीचा संशय नाहक एका गल्लीवर येतो. जंपर हलवला की त्याच रात्री मोबाइलवर नोंद, ही शिस्त कोणतेही सॉफ्टवेअर आपण होऊन लावणार नाही.

आता ११ केव्ही फीडर. फॉल्ट आला की सबस्टेशनचा ब्रेकर पडतो आणि लाइनमन टॉर्च घेऊन अख्खी लाइन पायी फिरतो. फीडरवर चार ठिकाणी रिंग मेन युनिट (लाइनचा तुकडा वेगळा करणाऱ्या स्विचची पेटी) आणि फॉल्ट दाखवणारे दर्शक असतील तर शेवटचा लुकलुकणारा आणि पहिला न लुकलुकणारा दर्शक यांच्यामधल्या तुकड्यातच फॉल्ट आहे, हे नियंत्रण कक्षात बसून कळते. त्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंचे स्विच उघडायचे, ब्रेकर पुन्हा चालू करायचा, आणि पुढच्या भागाला शेजारच्या फीडरवरून वीज द्यायची. तत्पूर्वी तो फीडर किती भरला आहे ते पाहावेच लागते. एक मेगावॉटचे लोड सुमारे ५५ अँपिअर वाढवते. मिरजेतली इस्पितळे ज्या फीडरांवर आहेत, तिथून ही सुरुवात व्हावी.

यातली सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे बॅटरी. दुरून चालणाऱ्या स्विचला वीज लागते ती नेमकी वीज गेलेली असताना. पेटीतली बॅटरी उन्हात काही वर्षांत संपते, कोणाच्या लक्षात येत नाही, आणि लाखोंचे युनिट ऐनवेळी हाताने फिरवावे लागते. दर तीन महिन्यांनी चार्जर बंद करून स्विच प्रत्यक्ष चालवून पाहणे कंत्राटात लिहिलेले असावे. संपर्काचेही तेच. वीज लांबली की मोबाइल टॉवर मुके होतात, तेव्हा दोन कंपन्यांची सिमकार्डे हवीत. गावभागातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींआड, लोखंडी पेटीत बसवलेल्या मीटरला रेंज मिळत नाही. तिथे अँटेना पेटीबाहेर काढावा लागेल.

आणि सांगलीत हे सगळे पाण्याच्या रेषेकडे पाहूनच बसवावे लागेल. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर आली की इशारा, ४५ वर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. रिंग मेन युनिटची वायूची टाकी बंद असते, ती पाण्यात तग धरू शकते. पण तिची मोटर, बॅटरी आणि नियंत्रण पेटी पाण्यात गेली की संपली. पूररेषेत जमिनीवर ठेवलेली फीडर पिलरची (केबलमधली वीज वाटून देणारी) पेटीही तशीच. त्यामुळे चौथऱ्याची उंची ठरवताना रस्ता नव्हे, २०१९ च्या पाण्याची खूण धरावी. फीडरचे तुकडेही पुराच्या हद्दीवर पाडावेत. कर्नाळ रोड, सूर्यवंशी प्लॉट, मारुती चौक, शामरावनगर यांतली कोणती डीपी पुलाजवळच्या किती फुटांना बंद करायची, याचा तक्ता मे महिन्यातच तयार हवा, म्हणजे पाण्यातला भाग बंद करताना कोरड्या भागातले पाणीपुरवठ्याचे पंप बंद पडणार नाहीत.

पाणी उतरल्यावर घाई करू नये. केबल मेगर करून (तिचे आवरण शाबूत आहे का ते मोजून), रोहित्राचे तेल तपासूनच वीज सोडावी. गच्चीवरचे सोलर ग्रिड गेल्यावर आपोआप बंद होते, पण चेंजओव्हर (जनरेटर चालू असताना घर लाइनपासून तोडणारा स्विच) न बसवता चालवलेला जनरेटर डीपीतून उलटा जाऊन ११ केव्हीच्या तारेवर वीज चढवतो. पडद्यावर लाइन बंद दिसते, खांबावर चढलेला माणूस जातो. कितीही दूरनियंत्रण आले तरी तार तपासून दोन्ही बाजूंना अर्थिंग केल्याशिवाय कोणाला वर चढवू नये.

वीज खंडित झाल्यावर देखरेख आणि दुरुस्ती शक्यतो स्वयंचलित साधनांनी व्हावी, असे २०२० चे वीज ग्राहक हक्क नियम सांगतात. वितरण कंपनीने तिन्ही शहरांतल्या प्रत्येक फीडरवर महिन्याला किती वेळा आणि किती मिनिटे वीज गेली ते वॉर्डातल्या लोकांना कळेल असे छापावे, आणि पुराचा तक्ता पहिल्या पावसाआधी महापालिकेच्या आपत्ती कक्षात लावावा.

आपला,
वितरण क्षेत्रातील एक अभियंता,
विश्रामबाग, सांगली