नकार नेमका कुणाचा?

इंदूर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

खजराना आणि चंदननगर या वस्त्यांतलं मुलांचं लसीकरण तुझ्याकडे आलं हे ऐकून फार बरं वाटलं. म्हणून कामाचंच लिहितो.

राहिलेल्या मुलांच्या यादीत नुसतं 'नकार' लिहिलेलं चालवून घेऊ नकोस. कुणाचा आणि कशापायी, ते लिहून घे. आशाताई अकराला दारात जाते तेव्हा समोर सून असते. "घरी विचारून सांगते," म्हणते. ती बहुधा तयारच असते, तिला पुन्हा समजावून काय होणार? सासूला दुपारी गाठ, नवऱ्याला कामावरून आल्यावर.

सासूची धास्ती तापाची. पेंटाव्हॅलंट म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लशीतल्या डांग्या खोकल्याच्या घटकाने बाळाला ताप येतो, एक-दोन दिवसांत उतरतो. पण बाळ रात्रभर रडलं की बोल सुनेला लागतात आणि दहाव्या आठवड्याचा डोस बुडतो. ही भीती धर्माची नाही, म्हणून इथे मौलाना किंवा पुजारी कामाचे नाहीत. सहाव्या आठवड्याच्या डोसाआधीच सासूला ताप येईल म्हणून सांगून ठेव. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं, एका वेळी किलोमागे १० ते १५ मि.ग्रॅ. थेंबांच्या औषधात १ मिलीत १०० मि.ग्रॅ. असतात, सिरपमध्ये बहुधा ५ मिलीत १२० किंवा १२५. पाच किलोच्या बाळाला थेंबांचं औषध पाऊण मिलीच्या वर नको. सिरप समजून चमचाभर पाजलं तर ५०० मि.ग्रॅ. पोटात जातात! बाटली हातात धरून दाखव.

दुसरी गळती माहेरपणाची. बीसीजी, पोलिओचा जन्मतःचा (शून्य) डोस आणि २४ तासांतली हेपॅटायटिस बी माहेरी होते, मग बाळ सासरी येतं आणि कार्ड माहेरच्या कपाटात राहतं. दोन्हीकडच्या आशाताईंना वाटतं, मूल दुसरीच्या यादीत आहे. आपल्या मराठी घरांतही हेच. नोंदीत बहुधा बापाचाच मोबाइल असतो, आईचाही घे.

प्रश्न हलाल-हरामचा असेल तेव्हा मात्र आलिमाकडेच, म्हणजे धर्माच्या जाणकाराकडेच जा, आणि अफवेच्या आधी जा. काही लपवू नकोस. २०१८ मध्ये इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने गोवर-रुबेला लशीत डुकराचा अंश वापरल्याचं मान्य केलं, तरी पर्याय नाही आणि गरज आहे म्हणून ती घ्यायला मुभा दिली. उलट २००३ मध्ये नायजेरियातल्या कानो राज्यात धर्मगुरू आणि नेत्यांच्या संशयाने पोलिओ लस थांबली, आणि विषाणू पोलिओमुक्त झालेल्या देशांत पुन्हा शिरला. पुढच्या वर्षी मुस्लिमबहुल इंडोनेशियात बनलेली लस आणली तेव्हा मोहीम सुरू झाली. लस कुणाकडून येते, यावरही विश्वास ठरतो.

जुम्म्याच्या ऐलानात, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाच्या वेळच्या घोषणेत, तारीख, जागा आणि "माझ्या घरची मुलं लस घेतात" एवढं पुरे. शेवटचं खरं असेल तरच. बहुतेक मशिदींत ते पुरुषच ऐकतात, म्हणून बायकांच्या इज्तिमातही (धार्मिक मेळाव्यातही) सांगायला लाव. ऐलानाआधी लस पोहोचल्याची खात्री कर. गोवर-रुबेलाच्या कुपीतली भुकटी द्रावणात कालवल्यावर ती चार तासांत टाकून द्यावी लागते. बायका उशिरा येऊन रिकाम्या हाती परतल्या तर मौलानांचाही शब्द पडतो.

गोवराला माता मानणाऱ्या घरी पूजेशी भांडू नकोस. शीतला सप्तमीला पुजारीबुवांनीच सांगावं, की पूजा करा आणि नवव्या महिन्याची लसही द्या.

यादी हाती आली की नकारांचा रकाना मला पाठव, एकेक घर मिळून बघू.

तुझा,
माधव