२३ जूनचं मत आणि आईचा व्हिसा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आपल्या अंकात एका वाचकांचं पत्र आलं होतं, की ब्रिटनने युरोपियन युनियनमध्ये (ईयूमध्ये) राहायचं (‘रिमेन’) की बाहेर पडायचं (‘लीव्ह’) यावर २३ जून २०१६ ला सार्वमत आहे, त्यात ब्रिटनमधल्या भारतीयांनी डोळे मिटून ‘लीव्ह’ला मत द्यावं, युरोपियन लोक गेले की त्या जागा आपल्याच पोरांना मिळणार. मी इथे ईलिंगमध्ये, म्हणजे पश्चिम लंडनमध्ये राहते, ई-पेपरवर वाचलं, आणि खरं सांगायचं तर मला ते आधी पटलंच. म्हणून तर लिहायला बसलेय.

आधी एक सांगून टाकते कारण नातेवाईक सारखे विचारतात, अगं तू तर अजून इंडियन पासपोर्टवाली, तुला कसलं मत? तर आहे मला मत. इथे राहणाऱ्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना या सार्वमतात मत आहे, आयरिश लोकांनाही आहे. माझ्या शेजारणीला मात्र नाहीये. ती पोलंडची, २००५ पासून इथे, म्हणजे माझ्या दोन वर्षं आधी आलेली, टॅक्स भरते, मुलं इथल्याच शाळेत. ५ मेला लंडनच्या मेयरची निवडणूक झाली तेव्हा आम्ही दोघी बरोबरच गेलो होतो (लोकल निवडणुकीत ईयूवाल्यांना मत असतं), दोरीला बांधलेल्या त्या आखूड पेन्सिलीने फुल्या मारल्या आणि गप्पा मारत घरी आलो. आता माझं पोलिंग कार्ड फ्रिजवर लावलंय, ती चहाला आली की तिची नजर त्यावर जाते, बोलत काही नाही, मग मीच त्याच्यावर मुलाच्या स्विमिंगचं टाइमटेबल लावून टाकलं.

तर पटलं का होतं. २०१२ साली इथले नियम बदलले, आता म्हाताऱ्या आईवडिलांना कायमचं आणायचं तर त्यांना रोजच्या साध्या कामांनाही दुसऱ्याचा हात लागतो आणि तो हात त्यांच्या देशात पैसे टाकूनही मिळत नाही, किंवा ते परवडतच नाही, असं सिद्ध करावं लागतं. आता आपल्याकडे पैसे देऊन बाई मिळत नाही हे कोण सिद्ध करणार हो? बाबा गेल्यावर आम्ही आईसाठी अर्ज केला, डॉक्टरांची पत्रं, गुडघ्यांचे एक्सरे, ती एकटी राहते म्हणून सोसायटीचं पत्र, सगळं जोडलं. नकार आला. तेव्हापासून ती व्हिजिटर व्हिसावर येते, सहा महिने भरायच्या आत परत. आणि शेजारणीची आई क्राकोवहून विमानात बसली, उतरली, राहिली. ईयूवाल्यांना व्हिसाच लागत नाही, संपला विषय. गोड बाई आहे, मला बीटचं सूप पाठवते, पण तिला मागच्या बागेत उन्हात बसलेली बघून माझ्या पोटात कालवायचं ते मी लपवणार नाही. मंडळात विषय निघाला की अर्ध्या लोकांचं हेच दुखणं, कुणाच्या भाच्याचा वर्क व्हिसा अडकलाय, कुणाच्या मुलीला मास्टर्स झाल्याझाल्या परत जावं लागलं, आणि शेवट ठरलेला, त्यांना मोकळं रान आणि आपल्याला चाळणी.

पण मी पेरोलचं काम करते. पगारातून पैसे कापले गेले की आधी बघायचं कुणी कापले, मग भांडायला जायचं. तसं या तक्रारीकडे बघितलं आणि मी जरा गप्पच झाले. कारण २०१२ चे नियम ब्रसेल्सने, म्हणजे ईयूने, केलेच नाहीत, ते इथल्याच सरकारने केले. नवरा किंवा बायको आणायला १८,६०० पाउंड पगाराची अट, व्हिसाबरोबर वर्षाला २०० पाउंड हेल्थ सरचार्ज, आणि यंदाच्या, म्हणजे २०१६ च्या, एप्रिलपासून वर्क व्हिसावाल्यांना कायमचं राहायचं तर ३५,००० पाउंड पगार पाहिजे, हे सगळं घरचंच कर्तृत्व. उलट एका भारतीय नवऱ्याला, ज्याची बायको ब्रिटिश होती आणि दोघं जर्मनीत काम करून परत आले होते, इथे राहायचा हक्क आहे असं १९९२ साली सांगितलं ते लक्झेंबर्गच्या युरोपियन कोर्टाने, वकील लोक अजून त्याला ‘सुरिंदर सिंग रूट’ म्हणतात. बाहेर पडलो की हीसुद्धा वाट बंदच होणार.

आता त्या वाचकांचा मेन मुद्दा, जागा आपल्या पोरांना मिळतील. २०१५ चे स्थलांतराचे आकडे मे महिन्यात आले, देशात येणारे वजा जाणारे ३,३३,०००. त्यात ईयूमधले १,८४,००० आणि ईयूबाहेरचे १,८८,००० (बेरीज जास्त येते कारण ब्रिटिश लोक देश सोडून जातात ते वजा). म्हणजे ज्यांच्यावर लंडनचा आजही पूर्ण कंट्रोल आहे तेच जास्त आहेत, आणि पंतप्रधान कॅमेरॉनसाहेब २०१० पासून हा आकडा लाखाच्या आत आणतो म्हणतायत. लीव्ह जिंकलं की हा हट्ट सुटेल आणि आपल्याला दार उघडतील असं कुणाला खरंच वाटतं का? लीव्हचा प्रचार करणाऱ्या मंत्री प्रीती पटेल म्हणतात बाहेर पडलो की करी रेस्टॉरंटना उपखंडातून आचारी आणता येतील, आणि त्यांच्याच मोहिमेची पत्रकं दारात पडतात ती गर्दी कमी करू म्हणून. दोन्ही एकदम कसं होणार ते कुणी सांगत नाही.

पैशाचं तर विचारूच नका. लीव्हवाल्यांच्या प्रचाराच्या लाल बसवर लिहिलंय की आपण ईयूला आठवड्याला ३५ कोटी पाउंड पाठवतो. नाही पाठवत! थॅचरबाईंनी १९८४ साली भांडून मिळवलेली सूट आधीच वजा होते, जातात साधारण २५ कोटी आणि त्यातलेही बरेच शेतकऱ्यांना वगैरे परत येतात. कधी खात्यातून गेलेच नाहीत ते पैसे खर्च म्हणून दाखवले तर आमची मॅनेजर फाइल तोंडावर मारेल. पण रिमेनवालेही काही सोवळे नाहीत. अर्थमंत्री ऑस्बोर्न सांगतात बाहेर पडलो तर २०३० पर्यंत घरटी ४,३०० पाउंडांचं नुकसान, म्हणजे देशाच्या जीडीपीतली घट घरांच्या संख्येने भागलीय, आणि ऐकणाऱ्याला वाटतं पगारातूनच जाणार. सरकारने ९३ लाख पाउंड खर्चून घरोघरी पुस्तिका वाटली ती तर सरळ रिमेनची जाहिरात, ती मी रिसायकलिंगमध्ये टाकली.

खरं म्हणजे मला अडवलं ते समोरच्या आजोबांनी. त्यांनी १९७५ च्या सार्वमतात राहू या म्हणून मत दिलं होतं (६७ टक्के लोकांनी दिलं होतं), आता लीव्ह. म्हणतात, मी कॉमन मार्केटला, नुसत्या व्यापाराला, हो म्हटलं होतं, याला नाही, जो कायदा करतो त्याला मला हाकलता आलं पाहिजे. यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं युरोपियन पार्लमेंट आपण निवडतो की, तर त्यांनी विचारलं तुझा एमईपी, म्हणजे तिथला खासदार, कोण, आणि मला एकही नाव येईना. २०१४ साली मतदान होतं तेव्हा मी गेलेच नव्हते. हा मुद्दा अजून टोचतोय आणि लीव्हचा एवढाच मला खरा वाटतो.

पण मग त्यांनाच विचारलं, बाहेर पडून नक्की कुठे जायचं? नॉर्वेसारखं? नॉर्वे ईयूत नाही तरी पैसे भरतो, लोकांना ये-जा करू देतो आणि नियम ठरवायला टेबलावर नसतो, म्हणजे आजोबांचं दुखणं दुप्पट. की सगळंच तोडायचं, मग ईयूतच राहणाऱ्या आयर्लंडशी आपली सीमा आहे तिचं काय? आजोबांचं उत्तर एक, टीव्हीवाल्यांचं दुसरं, मंडळातल्या काकांचं तिसरं, आणि मतपत्रिकेवर सगळ्यांना मिळून चौकोन एकच. ईयूच्या कराराच्या कलम ५० खाली बाहेर पडायची बोलणी दोन वर्षांत उरकायची म्हणे. आमच्याकडे पेरोलचं सॉफ्टवेअर बदलायला दीड वर्ष लागलं.

म्हणून मी रिमेन. प्रेमाने नाही, त्या युनियनवर माझं काही प्रेम नाहीये. पण शेजारणीच्या आईला परत पाठवून माझी आई येणार नसेल तर ते आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करण्यातलं झालं, आणि इथे नाकही शेजारणीचंच कापायचं. त्या वाचकांच्या मुलाला इथे यायचं असेल तर जरूर यावं, पण त्याच्या व्हिसाची अट कोण ठरवतं ते आधी बघावं.

आई ३ जुलैला येतेय. परतीचं तिकीट डिसेंबरचं आहे.

आपली नियमित वाचक,
ईलिंग, लंडन
१२ जून २०१६