बाइंडर काका, परात आता हलत नाही

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, तुमचा पुतण्या काउंटरवर बसल्या बसल्या मोबाइलवरून वाचून दाखवेल, हे मला माहीत आहे. तुमचं नाव लिहीत नाही. विचारलं होतं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "नाव टाकलंस तर उद्या लोक लग्नपत्रिका घेऊन येतील." तेव्हा एवढंच लिहिते की अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात, शिडीखालून वाकून आत जावं लागतं असं बाइंडिंगचं दुकान आहे, खळीचा वास रस्त्यापर्यंत येतो आणि ॲनिमेशन मी तिथे शिकले. कॉलेजातही शिकले, नाही असं नाही. पण तिथे सॉफ्टवेअर होतं, आणि माझं अडलं होतं कागदाशी.

पहिल्यांदा आले ती फ्लिपबुक घेऊन, म्हणजे पानं भराभर सोडली की चित्र हलताना दिसतं अशी छोटी वही. ९६ पानं, एक मुलगी दोरीवरच्या उड्या मारते. मला फक्त एका बाजूने चिकटवून हवं होतं. तुम्ही अंगठ्याने पानं सोडली, पुन्हा सोडली आणि म्हणालात, "ही उड्या मारत नाहीये, अडखळतेय." मला राग आला होता, आज सांगते. महिनाभर खपून काढलेली चित्रं होती ती.

मग तुम्ही माझ्याच उरलेल्या कागदातला एक ताव घेतला. उभा फाडला, सरळ फाटला. आडवा फाडला, वेडावाकडा फाटला. एक पट्टी एकाच बाजूने ओली करून टेबलावर ठेवली, ती आपोआप गुंडाळी झाली. "कागदाला धागा असतो. तुझी पानं उलट्या धाग्यावर कापलीत, म्हणून ती वाकायला तयार नाहीत. धागा बांधणीच्या रेषेबरोबर पाहिजे." ड्रॉइंगच्या तासाला आम्ही कागदाचे जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम ते, तोंडपाठ केले होते, पण कागदाला उभं-आडवं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं. ती ९६ चित्रं मी पुन्हा काढली. दुसऱ्या वेळी गठ्ठा कटिंग मशीनखाली घालण्याआधी तुम्ही तो हाताने किंचित तिरका सरकवलात, प्रत्येक पान केसभर पुढेमागे राहील इतकाच. पानं अंगठ्याखालून एकेक करून सुटायला लागली आणि मुलगी उड्या मारायला लागली.

त्या दिवशी जरा भाव खायला म्हणून मी सांगितलं होतं की फ्लिपबुकचं पेटंट १८६८ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या लिनेट नावाच्या माणसाने घेतलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "प्रेसवाला असणार." घरी जाऊन पाहिलं तर खरंच, लिथोग्राफीचा, म्हणजे शिळाछपाईचा, छापखानेवाला!

मग आली भाकरीची फिल्म. ७० सेकंदांची. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे ८४०. वाया गेलेली धरून दोन रिम संपले. आजी ज्वारीची भाकरी थापते, एवढीच गोष्ट. जुन्या ड्रॉवरवर दुधी ॲक्रिलिक टाकून, खाली एलईडीची पट्टी लावून मी लाइट बॉक्स केला होता. खालचं चित्र दिसायचं, वरचं काढायचं, मोबाइल स्टँडला लावून फोटो घ्यायचे. पहिले चार सेकंद जोडून पाहिले तर आजीचे हात बरे चालत होते, पण परात, चूल, मागची भिंत, सगळं थरथरत होतं. वर्गात एकाने विचारलं, "कोयनेचा भूकंप आहे का?" मी पाटणची, त्यामुळे सगळे जरा जास्तच हसले.

तुम्ही ते मोबाइलवर पाहिलंत आणि तुम्हाला अजिबात नवल वाटलं नाही. "रजिस्टर आउट आहे," म्हणालात. चार रंगांच्या छपाईत पिवळ्यावर लाल नेमका बसला नाही की देवाचे ओठ गालावर येतात, तसंच हे. मी चित्रं कोपऱ्याला कोपरा लावून जुळवत होते आणि तुमच्या मते कोपऱ्यावर विश्वास ठेवणारा माणूस बाइंडिंगमध्ये टिकत नाही.

परदेशात याच कामासाठी खुंट्यांची पट्टी मिळते, कागदांना भोकं पाडून ते तीवर अडकवतात. इथे मागवायची तर माझा महिन्याचा मेसचा खर्च गेला असता. तुम्ही ऑफिसचं साधं दोन भोकांचं पंच काढलंत. भोकांत ८० मिलिमीटर अंतर, भोक सहाचं. शेजारच्या लेथवाल्याकडून सहा मिलिमीटरच्या दोन पिना कापून आणल्यात आणि लाकडी पट्टीत ठोकून बसवल्यात. वर ताकीद: "एका वेळी चारच कागद. वीस घातलेस तर खालचं भोक सरकलंच म्हणून समज." मी एकदा वीस घातले. खालचं भोक सरकलं.

जुलैत पुन्हा घोळ झाला. जूनमध्ये काढलेली चित्रं आणि पावसातली चित्रं एकाच पट्टीवर, तरी भोकांच्या बाजूला जुळत होती आणि पलीकडच्या टोकाला सुईच्या अग्राएवढी सरकत होती. रडायची बाकी होते. तुम्ही कागदावरून हात फिरवलात आणि म्हणालात, "फुगलाय." पाऊस लागला की कागद हवेतलं पाणी पितो आणि धाग्याच्या आडव्या दिशेला वाढतो. म्हणजे पुन्हा तो धागाच! मग सगळे कागद, काढलेले आणि कोरे, तुमच्या दाबाच्या मशीनशेजारी प्लास्टिकमध्ये चार दिवस एकत्र राहिले आणि एकमेकांसारखे झाले. तेवढे चार दिवस मी बसून दुसऱ्या कुणाचे तरी प्रबंध ठोकून सरळ करून दिले, ते मात्र तुम्ही हिशेबात धरलं नाहीत!

फाळक्यांचा विषय त्याच चार दिवसांत निघाला. दादासाहेब सिनेमाकडे वळण्याआधी ब्लॉकच्या आणि रंगीत छपाईच्या धंद्यात होते. वाटाण्याचं रोप वाढताना त्यांनी थोडं थोडं करून टिपलं, आणि १९१५ मध्ये आगकाड्या एकेक चित्रापुरत्या सरकवून त्या पडद्यावर नाचवल्या. छापखान्यातला माणूस हे करणारच, असं तुमचं म्हणणं. मी वाद घातला नाही, लिनेटच्या वेळी तोंडावर पडले होते.

चित्राबद्दल मात्र तुम्ही कधी बोलला नाहीत. "ते मला विचारू नकोस," हेच उत्तर. फक्त एकदा, मी निघताना, दारातून हाक मारलीत. "अगं, तुझी भाकरी फिरत नाही. नुसतीच मोठी होतेय."

बसस्टॉपवर उभं राहून मी तो तुकडा दहादा पाहिला. खरं होतं. आजी थापते तेव्हा तळव्याच्या रेट्याने भाकरी परातीत हळूहळू फिरत जाते, थापेला थोडी थोडी. माझी भाकरी पुरीसारखी फुगत चालली होती. पण पांढरा सपाट गोल फिरतोय हे दाखवायचं कसं? दुसऱ्या दिवशी तुम्हीच म्हणालात, "ज्वारीची आहे ना? मग कडेला चीर पडत असेल की."

एक चीर काढली. बारा चित्रांत ती अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सरकते, आजी बोटाने दाबून ती बुजवते, पुढच्या फेरीत दुसरीकडे नवी पडते. त्या एका रेघेने भाकरी फिरायला लागली. आमच्या आईने फिल्म पाहिली तेव्हा ती एवढंच बोलली, "पीठ जरा कोरडं झालंय तुझ्या आजीचं."

बिल तुम्ही शंभर रुपये लावलंत, त्यात लेथवाल्याचे साठ. बाकीच्याची परतफेड कशी करायची ते मला कळत नाही, म्हणून हे पत्र. फिल्मच्या शेवटी नावांच्या पाटीत तुम्ही सांगितल्याप्रमाणे नाव नाही. "कागद" असं लिहून पुढे जागा कोरी सोडली आहे.

तुमची,
भाकरीवाली

ता. क. कागदाची घडी दाबायची तुमची हाडाची पट्टी माझ्याकडेच राहिली आहे. शनिवारी आणून देते. पुढच्या फिल्मला तीन रिम लागतील, उभ्या धाग्याचे. या वेळी पावसाच्या आधी येते.