चार पावलं मागे: त्रेत्याकोव्हमधल्या आजींना

ती. आजी,
सा. न.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत, रशियन चित्रकार लेव्हितानच्या चित्रांपाशी, दाराजवळच्या खुर्चीवर तुम्ही राखणीला बसला होतात. अंगात करडा स्वेटर, मांडीवर चष्म्याचं घर. हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही हे कळतंय, तरी लिहिल्याशिवाय राहवेना.

लेकीला कझानला मेडिकलला सोडून मी आदल्या रात्रीच्या गाडीने मॉस्कोला आले होते. विमान रात्रीचं. हाताशी अख्खा दिवस आणि घसा सकाळपासून दाटलेला. चित्रांतलं मला ओ की ठो कळत नाही. खरं सांगते, पाऊस आला म्हणून आत शिरले.

आणि त्या चित्रापाशी अडकले. ‘शरद ऋतूतला दिवस. सोकोल्निकी’, 1879. सोकोल्निकी म्हणजे मॉस्कोतलं एक उद्यान. तसं लहानच, जेमतेम दोन फूट उंच. दोन्हीकडे पाइनचं काळोखं रान, मधून वळत जाणारी वाट, वाटेच्या कडेला पिवळी पडलेली कोवळी झाडं आणि काळ्या कपड्यांतली एकटी बाई. मी अगदी नाक लावून बघत होते. जवळून ती बाई म्हणजे काळ्या रंगाचे चार-सहा फटकारे, बाकी काही नाही. तेवढ्यात तुम्ही उठलात. म्हटलं, आता ओरडा बसणार. तुम्ही माझा दंड धरलात आणि मला मागे नेलंत. मोजून चार पावलं. मग स्वतःचे डोळे बारीक करून दाखवलेत, तसं कर म्हणून.

मी डोळे किलकिले केले. पानं सुटी दिसेनाशी झाली, ढग सरकायला लागले, त्या बाईच्या झग्याची कड वाऱ्याने उडाली. आणि मी आल्यापासून धरून चालले होते की ती निघून चाललीय. ती तर आपल्याकडे येत होती! इम्प्रेशनिझम (सुट्या फटकाऱ्यांतून क्षणाचा भास उभा करणारी चित्रशैली), तिचा चित्रकार मोने वगैरे शब्द कानावरून गेले होते. हे काय प्रकरण असतं ते त्या चार पावलांत समजलं.

मग फोन मध्ये धरून आपल्या गप्पा झाल्या. तुम्ही वाटेकडे बोट दाखवून काहीतरी म्हणालात आणि फोन म्हणाला, ‘चीज’. आपण दोघी हसलो, का ते तुम्हाला कळलं नसणार. पुढे भाषेचे तास सुरू झाल्यावर लेकीने उलगडा केला: ‘सीरो’ म्हणजे ओलसर, ‘सीर’ म्हणजे चीज. खरंच आजी, ती वाट ओलीच आहे.

बाकीचं मात्र फोनने नीट सांगितलं. चित्र काढलं तेव्हा इसाक लेव्हितान 19 वर्षांचा विद्यार्थी होता. आई-वडील दोघंही गेलेले. त्याच वर्षी झारवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ज्यूंना मॉस्कोतून हाकललं, म्हणून हा ज्यू पोरगा शहराबाहेर साल्तिकोव्काला राहायचा. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर होस्टेलच्या खिडकीतून हात हलवणारी लेक आली आणि मी तोंड फिरवलं. तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत, त्याबद्दलही आभार.

पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनातून या गॅलरीचे संस्थापक पावेल त्रेत्याकोव्ह यांनी हेच चित्र विकत घेतलं. आणि ती बाई लेव्हितानने काढलेलीच नाही, हे तुम्ही सगळ्यात शेवटी, गुपित सांगावं तसं सांगितलंत. ती त्याच्या वर्गमित्राने घातली, निकोलाय चेखोव्हने, लेखक चेखोव्हच्या भावाने. लेव्हितानच्या नंतरच्या निसर्गचित्रांत माणूस क्वचितच दिसतो म्हणे. रान याचं, बाई त्याची. रात्री विमानात मी हेच घोळवत बसले होते. लेकीच्या खोलीत तिच्यासोबत सोलापूरची एक मुलगी आहे; दोघी एकाच कुकरमध्ये भात लावतात.

निघताना मी सवयीने हात जोडले. तुम्हीही बसल्याबसल्या जोडलेत, जरा वाकडे.

खालच्या दुकानातून घेतलेलं त्या चित्राचं कार्ड आता आमच्या फ्रिजवर आहे. यांनी परवा चष्मा लावून जवळ जाऊन बघितलं आणि विचारलं, ‘ही चाललीय कुठे?’ मी दंड धरून यांना ओट्यापर्यंत मागे आणलं. बरोब्बर चार पावलं होतात, आजी.

तुमची,
कझानच्या मुलीची आई