नाव आठवलं नाही म्हणजे लगेच डिमेन्शिया?

संपादक साहेब, साठी ओलांडलेल्या माणसाला एखादं नाव पटकन आठवलं नाही की घरचे लगेच 'डिमेन्शिया' (स्मृतिभ्रंशाचा आजार) म्हणून मोकळे होतात, हे जरा अतीच होतंय. नवं कोडं झटपट सोडवायचा वेग वयाबरोबर कमी होतो, पण शब्दसंग्रह, अनुभवाची समज बरीच वर्षं टिकते. नाव अर्ध्या तासाने आठवणं वेगळं आणि रोजच्या रस्त्यावरून घरी कसं जायचं हेच न कळणं वेगळं. तसं दिसलं तर डॉक्टर गाठाच, बी-१२, थायरॉईड आणि हो, कानही तपासून घ्या, नीट ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार! डिमेन्शिया निघालाच तरी साधारण आधी पैशांचे व्यवहार, औषधांच्या वेळा अवघड जातात, आंघोळ-जेवण बरंच नंतर, मग मदतही त्याच क्रमाने द्या ना, पहिल्याच दिवशी सगळं हातातून कशाला काढून घ्यायचं?

– एक वाचक